शाळेची भिंत आणि देवीचा कौल

पोलादपूरच्या डोंगरात ज्या वाडीवर मी मास्तरकीची पहिली नऊ वर्षं काढली, तिथं 'श्री अमुक प्रसन्न' लिहिलं नाही असं दार सापडणं कठीण होतं. घरांवर होतं, पिठाच्या गिरणीवर होतं, पाण्याच्या टाकीवर होतं. मुंबईहून गणपतीला आलेल्या एका हौशी पोराने तर कोंबड्यांच्या खुराड्यावरही लिहून ठेवलं होतं. त्या खुराड्यातल्या कोंबड्या वर्षभरात देवीलाच गेल्या, तेव्हा प्रसन्न कोण झालं ते देवीलाच ठाऊक. मी या सगळ्याला हसायचो. मी महाडचा, शहरगावचा, नुकता डी.एड. झालेला, वय चोवीस. मला तेव्हा अक्कल कमी आणि हुशारी फार होती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर यष्टीतून उतरलं की तासभर चढ चढायचा, मग वाडी. साठेक घरं, गुरं-वासरं, उतारावर नाचणी-वरीची शेती, आणि वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे बारा-तेरा घरांची बौद्धवाडी. शाळा एका खोलीची आणि शिक्षक दोन. मुख्याध्यापक महाडजवळच्या सव गावाकडचे, बौद्ध, पन्नाशी ओलांडलेले. वाडीतले लोक त्यांना मोठे गुरुजी म्हणत आणि मला धाकले गुरुजी.

मोठ्या गुरुजींबद्दल काय सांगू? त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पोराचं अक्षर बिघडलं तर ते स्वतः त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचे आणि त्याच्या पाटीवर त्याचाच हात धरून गिरवायचे. त्यांचे गुडघे दुखत, उठताना भिंतीचा आधार लागे, तरी बसायचे. बौद्धवाडीतली पोरं आधी शाळेत टिकत नसत. दोन-चार दिवस यायची आणि गुरांमागे जायची. गुरुजींनी घरोघर जाऊन, आईबापांशी बोलून, कधी चार शब्द सुनावून ती पोरं शाळेत आणली होती. मी रुजू झालो तेव्हा पटावर बौद्धवाडीची आठ पोरं होती आणि आठही रोज येत होती. गुरुजींच्या नोकरीतली ती खरी कमाई होती आणि ती ते फार जपत.

मी त्यांच्याबरोबर डबा वाटून खायचो. याचा मला केवढा अभिमान! मी महाडात तळ्याजवळच्या गल्लीत वाढलो. दर मार्चात गावोगावची माणसं तळ्यावर यायची, तेव्हा माझे वडील ओटीवर पाण्याचा पिंप भरून ठेवायचे. त्यामुळे आमच्या घराने हा विषय केव्हाच संपवला आहे अशी माझी पक्की समजूत होती. पण मला रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी वाडीत राहायला खोली मिळाली होती, गावकीच्या अध्यक्षांच्या घरातली, तीही फुकट. आणि मोठे गुरुजी सात वर्षांपासून वहाळापलीकडे एका पडवीत राहत होते, हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं.

मग शाळेला नवी इमारत मंजूर झाली. दोन खोल्या, पुढे व्हरांडा. रस्ता नसल्यामुळे सामान वर आणायचं कसं हा प्रश्न होता, तेव्हा गावाने श्रमदान केलं. सिमेंटच्या गोण्या माणसांनी पाठीवर वाहिल्या. बौद्धवाडीच्या बायांनी नदीतली वाळू घमेल्यांनी वर आणली. सगळं गाव एका कामाला लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मोठे गुरुजी तर त्या महिन्यात नुसते हवेत चालत होते.

बांधकाम झालं, चुना झाला. पोलादपूरहून रंगारी यायचा होता. दारावर शाळेचं नाव लिहायचं, त्याच्याखाली सुविचार. अध्यक्ष म्हणाले, सगळ्यात वर 'श्री ग्रामदेवता प्रसन्न' येऊ द्या, मोठ्या अक्षरात, लाल रंगात. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. सिमेंटची पहिली गोणी त्यानेच उचलली होती. त्याच्या मते देवीच्या नावावाचून इमारत उभी करणं म्हणजे पोराला बारशावाचून वाढवणं.

मोठे गुरुजी म्हणाले, नको. घरावर लिहा, देवळावर लिहा, ही सरकारी भिंत आहे, तिच्यावर कुठल्याच देवाचं नाव नको. त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की पहिल्यांदा कुणाला राग आला नाही, लोक गोंधळले. म्हणजे देवीचं नाव नको? मग पोलीस ठाण्यात काय असतं, तहसीलला साहेबाच्या डोक्यावर काय असतं, यष्टीच्या डायवरपुढे काय असतं? गुरुजी म्हणाले, तिथं आहे ते मला पुसता येत नाही, इथं मात्र मी आहे.

त्यांच्या हट्टामागे एक कारण होतं आणि ते त्यांनी फक्त मला सांगितलं. बौद्धवाडीतल्या जाणत्यांनी त्यांना बजावलं होतं. एकदा का देवीचं नाव शाळेवर चढलं, की शिमग्यात देवीची पालखी शाळेच्या व्हरांड्यात बसणार. पालखी बसली की सोवळं आलं, आमच्या पोरांनी तेवढे दिवस लांब राहायचं आलं. आज तेवढे दिवस, उद्या आणखी काही. "देवीच्या घरात आमची पोरं नाय बसायची, गुरुजी," असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. त्यांनी वाळू वाहिली होती ती शाळेसाठी. म्हणजे त्या लाल अक्षरांपायी आठ पोरं शाळेतून जाणार होती.

आठ-पंधरा दिवसांत वाडीचं वातावरण बिघडलं. मोठ्या गुरुजींना नमस्कार करणारी माणसं वाट बदलून जाऊ लागली. गुरुजी तालुक्याला जाऊन आले. तिथं एका साहेबाने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि नियमाप्रमाणे तुमचंच बरोबर आहे पण गावाशी वाकडं घेऊ नका, आपापसात मिटवा, असं सांगून परत पाठवलं. कागदावर काही द्या म्हटल्यावर साहेबाला मीटिंग आठवली. रंगारी दोनदा येऊन रंग न लावता परत गेला.

आता माझी हुशारी. कोकणात राहून ज्याला कौल ठाऊक नाही असा माणूस विरळा. लग्न जमवायचं, विहीर खणायची, भांडण मिटवायचं, तर देवीला विचारायचं. गुरव देवीच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला भिजवलेले तांदूळ चिकटवतो, हात जोडून गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवीकडचा तांदूळ आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. देवीने एकदा सांगितलं की वाद संपला, मग कुणी हूं की चूं करत नाही. माझ्या मनात आलं, देवीच्या नावाचाच वाद आहे ना, मग विचारा तिलाच. तिने 'नको' म्हटलं तर गाव गप्प बसेल, गुरुजींचं काम होईल, कुणाची मान खाली जाणार नाही. आणि 'हो' म्हटलं तर? तर आपण सगळं करून पाहिलं असं म्हणता येईल. इतका साधा उपाय आजवर कुणाला सुचला नाही याचंच मला नवल वाटलं.

मोठ्या गुरुजींना मी विचारलंच नाही. आधी अध्यक्षांना सांगितलं. ते खूष झाले, धाकले गुरुजी शिकलेले असून गावच्या रीतीचे आहेत म्हणाले. मग गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, सर, शाळेचा निकाल देवळात लावायचा? मी म्हटलं, गुरुजी, निकाल आपल्या बाजूने लागल्याशी कारण. कुठे लागला हे कोण बघतो? मी हे शब्द बोललो, मला ते चांगले आठवतात. मी तेव्हा त्यांना उपदेश करत होतो.

रविवारी सकाळी गाव देवळाशी जमलं. मोठे गुरुजी आले. मुख्याध्यापक म्हणून त्यांना यावं लागलं. ते पायरीपाशी, बाहेरच्या फणसाखाली उभे राहिले. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी ते आले नसते. मी मात्र पुढे, गुरवाच्या मागे, हात जोडून. गुरवाने तांदूळ लावले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. शब्द काय घालायचे हे त्याच्यावर सोडलं होतं. देवीशी कसं बोलायचं ते तो आम्हाला थोडाच विचारणार?

तो म्हणाला, "आई, तुझी लेकरं तुझ्या दारात आली हायत. शाळेवर तुझं नाव घालायचं म्हनतात. त्या शाळेत सगल्या जातीची पोरं बसनार, वहाळापल्याडची बी बसनार, शिवाशिव व्हनार. तितं तुझं नाव घातलेलं तुला चालंल का नाय, त्ये सांग."

थोड्या वेळाने डावीकडचा तांदूळ सुटला आणि खाली पडला.

नकार. देवीला आपलं नाव शाळेवर नको. लोकांनी हात जोडून कपाळाला लावले, अध्यक्षांनी मान डोलावली, म्हणाले बरोबर हाय आईचं, आमच्याच ध्यानात आलं नाय. वाद संपला. आणि मला आनंद झाला हो! गुरवाचं गाऱ्हाणं माझ्या कानावरून गेलं होतं, शब्दन् शब्द गेला होता, पण माझं लक्ष होतं फक्त तांदूळ पडण्याकडे. मी देवळातून जवळजवळ पळतच बाहेर आलो, गुरुजींना सांगायला की जिंकलो.

गुरुजी फणसाखाली तसेच उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मी थांबलो. ते म्हणाले, "भिंत कोरी राहिली सर. कशापायी राहिली, ते ऐकलंत ना?"

तेव्हा कुठे ते शब्द माझ्या डोक्यात शिरले. मी काहीतरी बोललो, गुरव अडाणी आहे, त्याच्या तोंडी लागू नका, असलं काहीतरी. त्यांनी वाद घातला नाही. वहाळाकडची वाट धरून ते हळूहळू उतरत गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या समितीच्या वहीत ठराव लिहायचा होता. वही लिहिणं मुख्याध्यापकाचं काम. गुरुजींनी वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, तुम्ही लिहा, मला लिहिता येणार नाही. आता सरकारी वहीत काय लिहू? देवीने डावा कौल दिला असं लिहू? मी लिहिलं, 'शाळेच्या दर्शनी भिंतीवर धार्मिक मजकूर लिहू नये असे सर्वानुमते ठरले.' वाक्य नमुनेदार झालं होतं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि वर्गावर गेले.

बौद्धवाडीतली पोरं येत राहिली, कारण गुरुजी होते. पण गुरुजींनी त्याच उन्हाळ्यात बदलीचा अर्ज केला. गुडघ्यांचं कारण लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. वर्षभराने बदली झाली, सवच्या अलीकडच्या एका शाळेत. जायच्या दिवशी आठही पोरं त्यांना पोचवायला घाटरस्त्यापर्यंत उतरली. मीही गेलो. यष्टीत चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले की पोरांकडे बघा. मी म्हटलं, बघतो.

मी मुख्याध्यापक झालो. पुढची दोन-तीन वर्षं बरी गेली असं मला वाटत होतं. पोरं टिकली होती, उलट बौद्धवाडीतली आठाची नऊ झाली. मग शाळेत शिजवलेली खिचडी द्यायचं आलं आणि स्वयंपाकाला बाई नेमायची झाली. अर्ज दोन आले. एक अध्यक्षांच्या चुलतभावाच्या सुनेचा. दुसरा बौद्धवाडीतल्या एका विधवेचा. तिची दोन पोरं माझ्याकडे पहिलीत आणि तिसरीत होती. घरी मिळवणारं कुणी नव्हतं, ती दुसऱ्यांच्या गवताचे भारे वाहायची. गरज तिला होती, नियमानेही तिलाच पहिलं विचारायला हवं होतं, आणि ते मी समितीच्या बैठकीत सांगितलं. हो, सांगितलं. तेवढं तरी केलं मी.

बैठकीत कुणी उघड नाही म्हणालं नाही. जातीचा शब्द कुणी काढला नाही. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, एवढी चर्चा कशाला, देवीला विचारू या. मी उसळलो. म्हटलं, खिचडी सरकारची, तांदूळ सरकारचा, यात देवीचा काय संबंध? अध्यक्षांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"भिंतीच्या वक्ताला होता तो, गुरुजी. तुमीच म्हनला व्हतात, विचारा म्हनून. आता नाय?"

मी समितीपुढे बसलो होतो, बी.ए.ची परीक्षाही तोवर पास झालो होतो, आणि त्या माणसाने माझाच शब्द माझ्यापुढे आणून ठेवला होता. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. हा काळ मीच हाताला धरून घरात आणला होता.

रविवारी कौल लागला. मी देवळात गेलो नाही, खोलीतच बसून राहिलो, जसं काही न गेल्याने काही फरक पडणार होता. डावा पडला. संध्याकाळी ती बाई शाळेच्या व्हरांड्याशी आली. पायरी चढली नाही. तिने भांडण केलं नाही, ती रडली नाही. तिने मला विचारलं, "गुरुजी, मी रांधते कशी, त्ये कुनी चाखून तरी बघायचं व्हतं. देवीला काय ठावं?"

मी तिला दुसरं काहीतरी बघू म्हणालो. दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वही उघडली आणि लिहिलं, 'स्वयंपाकी म्हणून अमुक यांची सर्वानुमते निवड करण्यात आली.' वर तक्रार करता आली असती. मी अर्ज लिहिला, दोन पानांचा, आणि तो माझ्या ट्रंकेत राहिला. मला त्याच वाडीत राहायचं होतं, अध्यक्षांच्याच घरात. ही सबब आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती दोन पोरं आली नाहीत. त्यांच्या मागोमाग एकेक करत बौद्धवाडीतली सगळी घरं दाखले मागायला आली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दुसरी शाळा होती, दीड तासाची वाट, पावसात मध्ये दोन ओढे. आईबाप म्हणाले, तितं घालतो. मी म्हटलं, पोरं लहान आहेत, एवढं चालतील कशी? एका बापाने मला सांगितलं की पोरं या शाळेची खिचडी खात नाहीत म्हणतात, आपल्या वाडीतल्या बाईला जिथं चुलीशी उभं केलं नाही तिथलं त्यांच्या घशाखाली उतरत नाही. नऊ दाखले मी माझ्या हाताने लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून.

त्याच पावसाळ्यात वरून तपासणी आली. साहेब तरुण होते, नव्या विचारांचे. दारावरची पाटी बघून थांबले. पाटीवर फक्त शाळेचं नाव आणि खाली 'वाचाल तर वाचाल'. म्हणाले, एवढ्या आडबाजूच्या गावात भिंतीवर एकही देव नाही, हे कसं काय साधलंत? शेरेबुकात त्यांनी तसा चांगला शेराही लिहिला. मी हात जोडून उभा होतो.

ते सगळं गुरुजींना सांगायला जायला मला पुढे पाच महिने लागले. धीर होत नव्हता. ते तोवर निवृत्त झाले होते. सवला गरम पाण्याची कुंडं आहेत, रोज सकाळी ते तिथं गुडघ्यांपर्यंत पाय सोडून बसत, तिथंच ते मला सापडले. खूप थकले होते, पण मला बघून हसले, शेजारी जागा करून दिली, माझेही पाय पाण्यात सोडायला लावले. मी सगळं सांगितलं. कौल, बाई, वही, दाखले, ट्रंकेतला अर्जसुद्धा. मला वाटत होतं ते रागावतील. मला ते हवंच होतं. एकदा ते रागावले असते तर माझं मन जरा तरी हलकं झालं असतं.

शेवटी त्यांनी विचारलं, पटावर आता किती आहेत. मी म्हणालो, "तेवीस. तुमची नऊ गेली, गुरुजी."

त्यांनी पाय पाण्यातून वर काढले आणि पंच्याने पुसायला घेतले. एक पाय झाला, मग दुसरा.

"माझी नव्हेत हो ती," ते म्हणाले. "तुमच्या शाळेतली नऊ गेली."

मग त्यांना उठायचं होतं. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही असं नाही, घेतला, उभे राहिले आणि लगेच सोडला. घरी चला, चहा घेऊन जा, असं भेटेल त्याला म्हणणारा तो माणूस त्या दिवशी तेवढं म्हणायला विसरला.